वॉर्डातला अपमान मोजायचा कसा?

मिरजेतलं नर्सिंगचं शिक्षण शंभर वर्षांहून जुनं. आज सांगलीत आणि कराडला एम.एस्सी. नर्सिंगपर्यंत शिकता येतं. तरी प्रबंधाचा विषय विचारला की बहुतेकदा तोच: अमुक आजाराबद्दल रुग्णांचं ज्ञान आणि स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्राम. आधी चाचणी, मग शिकवणी, सातव्या दिवशी पुन्हा चाचणी. गुण वाढतात, वाढणार नाहीत तर काय!

स्टाफला कामावर मिळणारी वागणूक हा विषय क्वचितच कुणी घेतं. तिचा संबंध मात्र थेट रुग्णाशी आहे. इन्सुलिनच्या ऑर्डरीत १० पुढचा 'यू' (म्हणजे युनिट) घाईच्या अक्षरात शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात. शंका आली, पण मागच्या खेपेला रात्री दोनला फोन केल्यावर झापलं गेलं असेल, तर सिस्टर फोन लावायला कचरते.

विषय घेतलात तर सगळ्यात जास्त वेळ प्रश्नावलीला द्या. "तुमचा अनादर होतो का?" याचं उत्तर 'नाही' येतं, कारण बोलणी खाणं नोकरीतच धरलेलं असतं. म्हणून घडलेली गोष्ट विचारा आणि मुदत बांधा. गेल्या महिन्यात ओव्हर देताना, म्हणजे ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला रुग्णांची माहिती देताना, सगळ्यांसमोर कुणी ओरडलं का? फोनवरची ऑर्डर परत वाचून दाखवताना मध्येच फोन ठेवला का? कितीदा? आणि कुणी: डॉक्टर, नातेवाईक, की आपल्याच इन्चार्ज सिस्टर? हा शेवटचा पर्याय गाळायचा मोह होतो. गाळू नका.

गोपनीयता बहुधा स्टेपलरनं मोडते. सही केलेलं संमतीपत्र प्रश्नावलीलाच टाचलेलं असतं! दोन्ही वेगवेगळी गोळा करा. आयसीयूत एकच ब्रदर (पुरुष नर्स) असेल तर 'वॉर्ड' आणि 'लिंग' हे दोन रकाने त्याचं नावच सांगतात. पेटी मेट्रनच्या केबिनबाहेर नको. आणि ट्यूटरनं स्वतःच्या विद्यार्थिनींकडून फॉर्म भरून घेऊ नयेत. इंटर्नलचे मार्क तिच्याच हातात असतात.

एखादीनं लैंगिक छळाबद्दल लिहिलं तर? निनावी फॉर्म म्हणजे तक्रार नव्हे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार ३ महिन्यांत करावी लागते. सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने देऊ शकते. तेव्हा समितीतल्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर असलेला वेगळा कागद प्रश्नावलीसोबत सरसकट सगळ्यांना द्या, म्हणजे तो कुणी घेतला यावर नजर राहत नाही. संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीच्या अर्जातही ही सोय आधीच लिहा.