टसेंडा : न बोललेलं की बोलू नये ते?

आज डोक्यात एकच शब्द घोळतोय, टसेंडा. 'मनातच राहून गेलेल्या गोष्टी' अशा हळव्या अर्थानं तो सध्या वापरला जातो. अर्थ फार लांबचा नाही, पण नेमकाही नाही. चुकतं ते व्याकरणात.

मूळ लॅटिन क्रियापद ताकेरे, गप्प राहणे. (रोमन लोक 'ताकेंदा' म्हणत, 'स' हा इंग्रजी उच्चाराचा.) मराठीत गप्प राहणं अकर्मक. ताकेरेला मात्र कर्मही चालतं, अमुक गोष्टीबद्दल मौन पाळणे असं. म्हणूनच त्याचं कर्मणी विशेषण होऊ शकतं. 'ताके' हे अंग, पुढे 'न्द', शेवटी नपुंसकलिंगी अनेकवचनाचा 'आ'. या 'न्द'चं काम संस्कृतातल्या 'तव्य', 'अनीय'सारखं, कर्तव्य किंवा करणीयमधलं. अजेंडा म्हणजे करायच्या गोष्टी, मेमोरँडा ध्यानात ठेवायच्या, करिजेंडा दुरुस्त करायच्या. मग टसेंडा? ज्यांच्याबद्दल तोंड उघडू नये अशा. आपल्या 'नये'त जो धाक आहे तो इथे हवाच.

नुसत्या न बोललेल्यासाठी त्याच धातूचं भूतकाळी विशेषण आहे, ताकितुस. इंग्रजीतला टॅसिट त्यातूनच आला. टॅसिट संमती म्हणजे मूक संमती. तिथे बोलायला बंदी नसते, फक्त कुणी बोललेलं नसतं. तत्त्वज्ञ मायकेल पोलानीनं ज्याला टॅसिट ज्ञान म्हटलं ते आणखी निराळं. सायकलवर तोल सावरणं येतं, पण कसं ते शब्दांत सांगता येत नाही. न बोललेलं, न सांगता येणारं आणि सांगू नये असं, या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. मनात राहून गेलेलं यांपैकी पहिल्यात बसतं, आणि टसेंडा फक्त तिसऱ्याला शोभतो.

वचनाचाही घोळ आहेच. एकच गोष्ट असेल तर टसेंडम. पण अजेंडा इंग्रजीत कधीच एकवचनी होऊन बसला, तेव्हा इथे फार ताणण्यात अर्थ नाही.

रोमन कवी होरेस (इ. स. पू. ६५ ते ८) यानं हा शब्द त्याच्या जोडीदारासकट वापरलाय, 'दिकेंदा ताकेंदा'. बोलावं ते आणि बोलू नये तेही. बड्या माणसाकडे जेवायला गेलेला एक लिलाव पुकारणारा हे सगळंच बडबडून टाकतो, तेव्हा कुठे त्याला झोपायला घरी धाडतात.