आमची वाटचाल : तासाच्या भाड्यापासून हर्णै-गुहागरपर्यंत

आधी एक खुलासा करतो. हर्णै ते गुहागर हा एका दिवसाचा सायकलचा टप्पा कुणी 'शोधून काढलेला' नाही. रस्ता सगळ्यांचा आहे, एसटीच्या पाटीवरही आहे. पण सकाळी कितीला निघायचं, कुठे पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, उतरायचं, कुठे मुकाट्याने डांबर धरायचं, दाभोळला कितीच्या फेरीबोटीला उभं राहायचं, हे आम्ही बसवलं. मी आणि मामांनी. चार हिवाळे गेले त्यात. लिहून ठेवतोय, कारण हल्ली दुसऱ्याच कुणाच्या जाहिरातीत तो 'आमचा खास मार्ग' म्हणून झळकतो.

मामांचं दापोलीत सायकलचं दुकान. पंक्चर, ओव्हरहॉलिंग आणि तासाच्या भाड्याच्या काळ्या अ‍ॅटलास. दहावी झाल्यावर सुट्टीपुरता बसलो तो अजून तिथेच बसलोय. पुढे घरोघरी मोटरसायकली आल्या आणि भाड्याचा धंदा संपला, मग आम्ही गिअरच्या सायकली घेऊन सहली काढायला लागलो. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

मामांच्या हातातल्या निपल पान्यावर, म्हणजे चाकाच्या तारा पिळायच्या पान्यावर, मात्र लिहायला हवं. गोल चकती, कडेला सहा खाचा, मधलं लोखंड अंगठ्याने घासून गुळगुळीत झालेलं. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला ट्रूइंग स्टँड मी आणला, मामांनी तो कधी वापरला नाही. सायकल उलटी करायची, रिमला खडू टेकवायचा, चाक फिरवायचं. जिथे खडू उमटेल तिथल्या तारा बोटाने छेडून बघायच्या. सैल तार बद्द वाजते. मग अर्धा फेरा, कधी पाव. 'एकदम पिळलीस तर दुसरीकडे जाईल रे,' एवढंच शिक्षण. तुमची सायकल किनाऱ्यावर वापरायची असेल तर निपल पितळेचे घ्या, अ‍ॅल्युमिनियमचे खाऱ्या हवेत तारेला धरतात आणि मग पानाच फिरतो. सीटच्या दांड्याला वर्षातून दोनदा ग्रीस लावा. कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो.

तर तो दिवस. हर्णैहून सहाला निघायचं. मुरूड-कर्द्याच्या पुळणीवर ओहोटीला ओली वाळू अशी घट्ट बसते की सायकल डांबरासारखी पळते. पण ओहोटी कधी? मामांचा हिशोब कोळ्यांकडचा : तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊच्या सुमाराला पाणी सगळ्यात मागे. सात-साडेसातला उतरलात तर मजा. अष्टमीला हाच हिशोब करा, सहाला भरती येते, तेव्हा पुळणीचं नावही काढायचं नाही. आमच्या सहलींच्या तारखा म्हणूनच शनिवार-रविवार बघून ठरत नाहीत. गिऱ्हाईक कुरकुरतं, कुरकुरू दे.

पुळणीवरून वर आलं की पहिल्या विहिरीशी थांबून गोड्या पाण्याने चेन धुवायची, पुसायची, तेल द्यायचं. कर्द्यातल्या एका घरची बादली आमच्यासाठी बाहेरच ठेवलेली असते. पुढे लाडघर, बुरोंडी, कोळथरे. इथे रस्ता गावातून सड्यावर, म्हणजे वरच्या जांभ्याच्या सपाटीवर, चढतो आणि पुढच्या खाडीला उतरतो, परत चढतो. चढ लांब नाहीत, उभे आहेत. मागच्या चाकावरच्या कॅसेटचा मोठा दातरा अठ्ठावीस दातांचा लावून येणाऱ्यांना मी आधीच फोनवर सांगतो, चौतीसची टाका, चढ हलका जातो. न ऐकणारे कोळथऱ्यापुढे सायकल हाताने ढकलतात.

आणि दिशा. सहल उत्तरेकडून दक्षिणेकडेच. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा असतो तोवर काही वाटत नाही, पण बारानंतर खारा वारा वायव्येकडून उठतो. गुहागरला जाताना तो पाठीशी राहतो, उलट जाल तर छातीवर बसतो.

२०१७च्या हंगामात एक गृहस्थ गिऱ्हाईक म्हणून आले. नाव घेत नाही. हँडलला मार्ग नोंदवणारं यंत्र लावलेलं, खिशात वही. कुठे थांबता, नाश्ता किती पडतो, टेंपोवाल्याला काय देता. मला बरं वाटलं, कुणीतरी मनापासून विचारतंय. मी सगळं सांगितलं. मामा रात्री एवढंच म्हणाले, 'हा सायकल चालवायला आलेला नाही.'

पुढच्या दिवाळीत त्यांची जाहिरात आली. आमचा भाव माणशी ३,२००, त्यांचा २,७००. मार्ग तोच. आणि फोटो? कर्द्याच्या विहिरीपाशी खाकी सदरा घातलेला एक म्हातारा माणूस उलट्या सायकलवर वाकलेला, पाठमोरा. मामांची पाठ मी ओळखणार नाही? त्या हंगामात आमच्या चौदा सायकलींपैकी कधी पाच बाहेर पडायच्या, कधी चार.

त्या चार-पाचांत ठाण्याच्या काकू असायच्याच. निवृत्त शिक्षिका, पहिल्या सहलीपासूनच्या. सोलकढीत मीठ जास्त पडलं तर तोंडावर सांगणाऱ्या, आमच्या हिशोबाच्या कागदावरचं शुद्धलेखन तपासणाऱ्या. स्वस्त जाहिरात त्यांनाही आली होती. 'त्यात भरती-ओहोटीचा उल्लेखच नाही,' म्हणाल्या. विषय संपला.

डिसेंबरात दाभोळच्या वरच्या चढावर आमची गाठ पडली. त्या गृहस्थांनी वेगळेपणा म्हणून सहल उलटी केली होती, गुहागर ते हर्णै, तीही नाश्ता करून दहाला निघून. साडेअकराचं ऊन, पंधराएक माणसं जांभ्याच्या गडग्याला टेकून बसलेली, त्यांचा टेंपो जेवणाच्या तयारीला पुढे दापोलीला. एका मुलीचा मागचा गिअर चाकाच्या तारांत जाऊन हँगर, म्हणजे गिअर फ्रेमला धरणारा तुकडा, तुटला होता. गृहस्थ फोन वर धरून रेंज शोधत होते.

खोटं कशाला बोलू, मी न थांबता पुढे जाणार होतो. आमच्या मागच्या टेंपोतून मामा उतरले. 'पोरगी उन्हात उभी आहे रे,' म्हणाले आणि पेटी काढली. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा, त्यांच्या सायकलचा आमच्याकडे असण्याचं कारणच नाही. मामांनी गिअर सोडवून तिच्या पिशवीत दिला, चेन तोडून आखूड केली, मागच्या मधल्या दातऱ्यावर ताणून जोडली. पिन दाबून झाल्यावर कडी दोन्ही बाजूंना वाकवून सैल केली, ते बरेच मेकॅनिक विसरतात. एका गिअरची सायकल झाली. वीस मिनिटं.

'किती द्यायचे?' गृहस्थांनी विचारलं. मी चारशे म्हटलं. मामा हात पुसत म्हणाले, 'तो फोटो तेवढा काढून टाका.' 'कुठला फोटो?' असं म्हणून ते हसले. पैसे रेंज आली की पाठवतो म्हणाले. फोटो अजून आहे, चारशे अजून यायचे आहेत. रक्कम मोठी नाही, मला कळतं.

आमची फेरीबोट त्यात चुकली. पुढच्या बोटीने धोपावे, मग अंजनवेलची चढण, पण वारा पाठीशी होता. पाचला गुहागर.

मग ३ जून २०२०. निसर्ग वादळ. शेडवर फणस पडला, दुकानाचे पत्रे कुठे गेले ते कळलंच नाही. गिअरच्या अकरा सायकली खाली चेपल्या. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम सरळ करायला गेलं की चिरते, सगळी भंगारात. हप्ते चालू, टाळेबंदी चालू, वीज कित्येक दिवस नाही. माळ्यावरच्या जुन्या अ‍ॅटलास तेवढ्या शाबूत होत्या, एकीचा पुढच्या चाकाचा चिमटा वाकला होता तो मामांनी झाडाच्या बेचक्यात घालून सरळ केला. त्याच तारखेला अ‍ॅटलासने साहिबाबादचा कारखाना बंद केल्याची बातमी आम्हाला वीज आल्यावर कळली. वर त्या दिवशी जागतिक सायकल दिन. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मी दुकान विकायला काढलं, बोलणीही झाली होती.

ऑगस्टात काकूंच्या मनीऑर्डरी आल्या, मिळून बारा हजार. सोबत दोन ओळी : 'डिसेंबरात किंवा जेव्हा काढाल तेव्हा माझी जागा धरा. चौघींचे पैसे आहेत, बाकीच्या तिघी मी आणीन.' मी फोन केला, काकू, सहल निघेल की नाही सांगता येत नाही. 'मी विचारलं का?' म्हणाल्या. त्या पैशांत पत्रे आले.

सहल २०२१च्या डिसेंबरात निघाली, आठ सायकली, चतुर्थी बघून. आता बारा आहेत. मामांचे मोतीबिंदू झाले, ते दुकानात बसून तारा नुसत्या कानाने तपासतात.

काकू यंदा बॅटरीची सायकल आणते म्हणताहेत. माझं म्हणणं, तेवीस-चोवीस किलोचं धूड पुळणीवर रुतलं तर उचलायचं कुणी आणि मोटरीत खारं पाणी गेलं तर उघडायचं कुणी? दोनदा वाद झाला. त्यांनी सायकल बुक केली आहे. मी मामांना विचारलं, ते म्हणाले, टेंपोत मागे फळी टाकून ठेव.