कैरोनियाचा सिंह आणि मी केलेले चुकीचे भाषांतर

ग्रीसमधल्या डेल्फीच्या एका दिवसाच्या सहलीत, लिवाडिया गाव मागे टाकून बस पार्नासस पर्वताच्या दिशेने चढू लागली, तेव्हा मी आमच्या मार्गदर्शक बाईंना विचारले की येथून कैरोनिया, म्हणजे थीब्ज नगरीच्या योद्ध्यांचे जुने रणांगण, किती लांब आहे. त्यांनी गॉगल कपाळावर सरकवला आणि त्या म्हणाल्या, की लांब नाही, पण तिथे एका सिंहाखेरीज काहीही नाही, आणि तोसुद्धा हरलेल्यांचा. मागच्या बाकांवरचे चार-दोन जण हसले. मग त्यांनी थर्मापिलीच्या खिंडीत इराणी फौजेला अडवणारे लिओनायडस आणि त्याचे तीनशे स्पार्टन यांची गोष्ट सुरू केली, जी आम्ही त्या आठवड्यात तिसऱ्यांदा ऐकत होतो.

मला राग आला तो त्यांच्यापेक्षा स्वतःचा अधिक. एकतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवताना ग्रीसच्या धड्यात मीही अथेन्स आणि स्पार्टा या दोन नावांवरच भागवले होते. थीब्ज या तिसऱ्या नगरराज्याचा उल्लेख फळ्यावर कधी केल्याचे मला आठवत नाही. आणि स्पार्टाची उघड्या मैदानावरची अजिंक्यता मोडून काढली ती या थीब्जनेच. त्या संध्याकाळी हॉटेलवर आल्यावर मी दादाला म्हटले, की बेटांवरचे उरलेले दिवस कमी करू आणि परत इकडे येऊ. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, यवतमाळ जिल्ह्यात अजून स्वतः शेती पाहणारा, आणि आयुष्यात पहिल्यांदा देशाबाहेर पडलेला. त्याला बेटांचे सोयरसुतक नव्हतेच. सँटोरिनीत आम्ही दोन दिवस काढले. गर्दी, पायऱ्या आणि सूर्यास्तासाठी हात वर करून उभे राहिलेले शेकडो मोबाइल, यापलीकडे मला तेथले काही सांगता येणार नाही.

थीब्ज आज पाहिले तर एक साधे बाजाराचे गाव आहे. गावकरी त्याला ‘थीवा’ म्हणतात. कॅडमस नावाच्या राजपुत्राने गायीच्या मागे चालत यावे, ती जिथे बसेल तिथे नगर वसवावे, अजगराचे दात पेरावेत आणि त्या पेरणीतून हत्यारबंद माणसे उगवावीत, अशी या गावाची जन्मकथा. हेराक्लीसचा जन्म इथला, ईडिपस राजाने आपले डोळे फोडून घेतले ते इथेच. एवढे सगळे ज्या टेकडीवर घडले, त्या कॅडमियावर आता दुकाने, बँका आणि चहा-कॉफीची टेबले आहेत, आणि इलेक्ट्रा नावाच्या वेशीच्या दोन गोल बुरुजांचे पाये रस्त्याच्या पातळीखाली दिसतात. वस्तुसंग्रहालय मात्र उत्तम आहे. तिथे लाजवर्दी दगडाचे, बोटाच्या पेराएवढे मेसोपोटेमियन शिक्के आहेत. तो दगड मुळात अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला, म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तो बाबिलोनवरून फिरत फिरत इथवर आला. दादा त्या काचेपाशी बराच वेळ उभा राहिला.

तिथून आम्ही लिवाडियाला आलो, आणि तिथल्या चौकात एका टॅक्सीवाल्याशी जाऊन-येऊन पन्नास युरो ठरवले. हे पैसे जास्त होते याची मला खात्री आहे. हा जुना लामियाचा रस्ता केफिसोस नदीच्या खोऱ्यातून जातो. दहा-बारा मिनिटे झाली असतील, तोच दादा खिडकीकडे वाकला आणि म्हणाला, “कापूस हाय ना गं हा?”

खरोखरच दोन्ही बाजूंना कापूस होता. ऑक्टोबरचा महिना, बोंडे फुटलेली, आणि रस्त्याच्या कडेला, काट्याकुट्यांत, कुंपणाच्या तारांना वाऱ्याने उडालेल्या रुईचे पुंजके अडकलेले. मी हे कोणत्याही प्रवासवर्णनात वाचले नव्हते. वेचणीला मात्र एकही माणूस नव्हता. लांबवर एक हिरवे यंत्र चार-चार ओळी एकदम गिळत चालले होते. आमच्याकडे वेचणीच्या आरंभी सीतादहीची पूजा होते, हे मी त्या टॅक्सीवाल्याला कोणत्या भाषेत सांगणार होते? मी गप्प बसले. दादा मात्र पऱ्हाटीची उंची, ओळींतले अंतर आणि ओलिताची सोय यांवर बोलत राहिला, आणि तो बोलत असतानाच समोर सिंह आला.

त्याचे येणे इतके साधे आहे की आपण तयार नसतो. तिकीट नाही, रांग नाही, माहितीयंत्र कानाला लावलेले लोक नाहीत. रस्त्याला लागून सायप्रेस जातीची उंच झाडे, आणि त्यांच्यामध्ये चौथऱ्यावर मागच्या पायांवर बसलेला, दुमजली घराएवढा, करड्या संगमरवराचा सिंह. तो चाल करून येत नाही, पंजा उगारत नाही, त्याच्या पायाखाली शत्रू नाही. ज्याचे काम संपले आहे पण ज्याला उठून जाण्याची परवानगी मिळालेली नाही, असा तो समोर पाहत बसला आहे. जवळ गेले की सांधे दिसतात, कारण तो फुटलेल्या अवस्थेत सापडला होता. 1818 साली काही इंग्रज प्रवाशांना त्याचे तुकडे मातीत आढळले, आणि 1902 साली ते जोडून त्याला पुन्हा बसवण्यात आले.

दादाने चौथऱ्याला पूर्ण प्रदक्षिणा घातली. मला वाटले तो नमस्कार करील. पण तो काहीतरी शोधत होता. “काहून गं, नाव नाही लिहिलं कुठं?”

नाव पहिल्यापासूनच नव्हते. इ.स.च्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस नावाचा प्रवासी इथून गेला, त्यानेही हेच नोंदवले आहे, की सिंहावर लेख नाही, आणि त्याचे कारण बहुधा हे की या लोकांच्या शौर्याला साजेसे फळ दैवाने त्यांना दिले नाही. मग मी चौथऱ्याच्या सावलीत बसून दादाला लढाई सांगितली. इ.स.पू. 338. उत्तरेकडून मॅसिडोनियाचा राजा फिलिप खाली उतरला होता. किशोरवयात तो थीब्जमध्येच ओलीस म्हणून राहिला होता आणि युद्धातले पुष्कळ काही इथेच शिकला होता. त्याला अडवायला एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी अथेन्स आणि थीब्ज ही दोन नगरे शेजारी शेजारी उभी राहिली. फिलिपच्या बाजूने एका टोकाला त्याचा अठरा वर्षांचा मुलगा अलेक्झांडर होता, तोच आपला सिकंदर. अथेन्सची फळी मोडली. ज्या डेमोस्थेनीसने भाषणांवर भाषणे देऊन हे युद्ध उभे केले, तो हत्यारे टाकून पळाला, आणि चरित्रकार प्लूटार्क खोचकपणे सांगतो की त्याच्या ढालीवर सोनेरी अक्षरांत ‘शुभ दैव’ अशा अर्थाचे शब्द होते. पुढे मृतांवरचे गौरवपर भाषण करण्याचा मानही अथेन्सने त्यालाच दिला. यावर दादा मनापासून हसला. आपल्याकडच्या दोन-तीन पुढाऱ्यांची नावे त्याने घेतली, ती इथे देत नाही.

“आणि हे?” त्याने सिंहाकडे हात केला.

हे थीब्जचे पवित्र पथक. तीनशे निवडक लढवय्ये, ज्यांचा खर्च नगर करत असे. स्पार्टाने इ.स.पू. 382 मध्ये कॅडमिया बळकावली होती. तीन वर्षांनी थीब्जने ती सोडवली, आणि त्यानंतर हे पथक उभे राहिले. इ.स.पू. 371 मध्ये, थीब्जच्या नैर्ऋत्येला ल्युक्ट्राच्या मैदानावर थीब्जच्या एपामिनोंडास या सेनापतीने आपली डावी बाजू पन्नास रांगा खोल रचली, पेलोपिडासने हे पथक घेऊन धडक मारली, आणि स्पार्टाचा राजा क्लिओम्ब्रोटस तिथेच पडला. सातशे अस्सल स्पार्टन नागरिकांपैकी चारशे त्या दिवशी मेले. त्यानंतर स्पार्टा पुन्हा कधी पूर्वीसारखी झाली नाही. एपामिनोंडासने स्पार्टाच्या दारापर्यंत जाऊन, पिढ्यान्‌पिढ्या तिच्या शेतांत राबणाऱ्या मेसेनियातल्या वेठबिगारांना मोकळे केले. थर्मापिलीच्या तीनशेंच्या गोष्टीत ही वेठबिगारी कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते ती गोष्ट जगभर इतकी चालते त्याचे हेही एक कारण आहे.

आता माझी कबुली. हे पथक एकशे पन्नास जोड्यांचे होते, आणि त्या जोड्या प्रेमिकांच्या होत्या. पुरुषांच्या. मला हे ठाऊक होते, मी ते वाचूनच इथे आले होते. पण ज्या भावासमोर मी वयाच्या साठीतही पाय पसरून बसत नाही, त्याला हे सांगताना माझ्या तोंडून शब्द आले ते असे: “जिवाभावाच्या मित्रांच्या जोड्या होत्या, दादा.” दादाने मान डोलावली. मी पुढे सांगितले, की होमरच्या काव्यात नेस्टर म्हणतो फौज कुळाकुळाने उभी करा, त्याची थीब्जच्या पामेनीस नावाच्या सेनानीने थट्टा केली होती. त्याचे म्हणणे असे, की संकटात भाऊबंद भाऊबंदांची फारशी पर्वा करत नाहीत, तेव्हा उभे करायचे तर अशा जोडीदारांना करा. दादा म्हणाला, “खरं हाय. भाऊबंद एका रांगेत उभे केले तर धुऱ्यावरूनच भांडतील.”

इथवर माझे भाषांतर निभावले. मग मी लढाईनंतरचा प्रसंग सांगितला. फिलिप रणांगणावरून फिरत असताना, जिथे हे तीनशे पडले होते तिथे येऊन थांबला. सगळे समोरून भाल्यांना भिडलेले, एकमेकांत मिसळून पडलेले. हे तेच पथक, असे कळल्यावर त्याला रडू आले, आणि तो म्हणाला की यांनी काही लाजिरवाणे केले वा सोसले असे ज्याला वाटत असेल त्याचे वाटोळे होवो. ही हकीकत प्लूटार्कने लिहून ठेवली आहे, आणि प्लूटार्क याच कैरोनियाचा रहिवासी. आपले गाव लहान आहे, आपण गेलो तर ते आणखी लहान होईल, म्हणून तो बहुतेक आयुष्य इथेच राहिला.

दादा थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, “मित्र होते, तर त्यात लाज कसली? त्या राजानं शाप काहून दिला?”

मी वर सिंहाकडे पाहिले, मग रस्त्याकडे. टॅक्सीवाला सिगारेट ओढत होता. शाळेतल्या मुलांनी एवढ्या वर्षांत मला इतके नेमके कधी पकडले नव्हते. एक शब्द मी मऊ केला होता आणि त्यामुळे पुढच्या गोष्टीचा सांधाच निखळला होता. फिलिपचा शाप ज्यांच्यासाठी होता त्यांच्या यादीत, तेवीसशे वर्षांनंतर, त्याच मैदानात उभे राहून, मी माझे नाव घालून घेतले होते. मी दादाला खरा शब्द सांगितला. माझे कान तापले होते.

“मग असं सांग ना,” तो म्हणाला. “मले काय समजत नाही असं वाटते काय तुले?”

नंतर त्याने मला हिशेब विचारला, कारण त्याचे डोके तसेच चालते. 1879–80 मध्ये इथे स्टामाटाकिस या ग्रीक पुरातत्त्वज्ञाने उत्खनन केले, तेव्हा सिंहाभोवतीच्या भिंतीच्या आत सात ओळींत मांडलेले 254 सांगाडे निघाले, हे मी त्याला सांगितले होते. आणि हेही, की त्याच्या टिपणांतल्या आराखड्यांत काही सांगाडे हातात हात अडकवलेले रेखाटले आहेत. “म्हणजे एकशे सत्तावीस जोड्या,” दादा म्हणाला. “तीनशेतले शेहेचाळीस उरतात. ते कुठं गेले?” मी म्हटले, वाचले असतील, किंवा दुसरीकडे पुरले असतील. त्याने मान हलवली. “ते सोड. पण कोण्या जोडीतला एकच वाचला असंल तर?”

यावर मला उत्तर नव्हते, आणि तोही उत्तरासाठी थांबला नाही. तो रस्ता ओलांडून समोरच्या शेताच्या कडेला गेला, कुंपणाला अडकलेला एक पुंजका काढून त्याने सरकी वेगळी केली, आणि तंतू दोन्ही हातांच्या अंगठ्यांमध्ये धरून हळूहळू ताणून पाहिला, जसा तो घरी जिनिंगला गाडी लावण्याआधी पाहतो. मी चौथऱ्यापाशीच बसून राहिले. गावाच्या मागे खडकात कोरलेले एक लहान नाट्यगृह आहे, ते पाहायला आम्ही गेलो, पण मला त्याचे काहीही आठवत नाही. नदीकाठी प्लूटार्कच्या काळापर्यंत ‘अलेक्झांडरचा ओक’ म्हणून एक झाड दाखवत असत, कारण त्याखाली त्याचा तंबू होता म्हणे. तीनच वर्षांनी याच पोराने थीब्ज जमीनदोस्त केले, तीस हजार माणसे गुलाम म्हणून विकली आणि कवी पिंडारचे घर तेवढे राखले. हे सगळे मी परतीच्या वाटेवर दादाला सांगितले, पण त्याचे लक्ष खिडकीबाहेर होते.

लिवाडियाला उतरून आम्ही तिथले काड्यांवर भाजलेले मांस खाल्ले, म्हणजे मी खाल्ले; दादाने पाव, टोमॅटो आणि चीजवर भागवले. तेवढ्यात त्याने घरच्या ग्रुपवर सिंहाचा फोटो टाकला. काय लिहितो ते पाहायला मी वाकले. त्याने लिहिले होते: ‘हरलेल्यांचा सिंह. १२७ जोड्या. नाव नाही.’ त्याखाली दुसरा फोटो, पऱ्हाटीचा. दोन मिनिटांत वहिनींचा निरोप आला, की सिंह चांगला आहे, पण कापसाला तिकडे भाव काय मिळतो? दादाने टॅक्सीवाल्याचा नंबर घेतला नव्हता, याबद्दल तो मला अजून बोलतो.