तुम्ही विचारलंत म्हणून: चामिसालची जमीन

"म्हणजे वाद मिटवायला आपली जमीन देऊन टाकायची, असंच ना तुझं म्हणणं?" चामिसाल म्हणजे अमेरिका-मेक्सिको सीमेवरची, दोन्ही देश भांडत होते ती जमीन; तिच्याबद्दल मी काहीही बोलले की हा प्रश्न येतोच. घरच्या ग्रुपवर येतो, पुण्याला गेले की जेवताना येतो. अकरा वर्षं तिथेच, टेक्सासच्या एल पासोमध्ये राहतेय, तेव्हा एकदाच नीट सांगते.

मुळात "आपली" कुणाची, हाच तर वाद होता. 1848 च्या तहात अमेरिकेने मेक्सिकोचा प्रचंड मुलूख घेतला आणि इथे रिओ ग्रान्दे नदी सीमा ठरली. नदी सरकत गेली दक्षिणेला, 1864 च्या पुरात तर फारच, आणि मेक्सिकोची साधारण 600 एकर जमीन नदीच्या अलीकडे, टेक्सासच्या बाजूला आली. 1884 मध्ये दोन्ही देशांनी नियम केला की नदी काठ खात हळूहळू सरकली तर सीमाही सरकते, एकदम पात्र बदललं तर नाही सरकत. मग इथे नक्की काय झालं यावरून भांडण. शेवटी लवाद नेमला, त्यात कॅनडाचे कायदेतज्ज्ञ लाफ्लर होते, 1911 मध्ये निवाडा आला की 1864 चं पात्र धरून जमीन वाटून घ्या. आणि अमेरिकेने तो नाकारला. स्वतः लवाद मान्य करून! हे मला आजही सहन होत नाही. त्यामुळे 1963 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी आणि मेक्सिकोचे अध्यक्ष लोपेझ मातेओस यांच्या काळात करार झाला, अमेरिकेने 630 एकर सोडले, कॉर्डोव्हा बेट नावाच्या शेजारच्या मेक्सिकन तुकड्यातले 193 एकर घेतले, दोन्ही देशांनी खर्च वाटून नदीला काँक्रीटचं नवं पात्र बांधलं, याला मी देऊन टाकणं म्हणत नाही. उशिरा केलेली परतफेड म्हणते.

इथपर्यंत मी कुणाशीही भांडेन. पुढचं मात्र मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

माझ्या मुलीला आमच्या शेजारच्या आजींनी चार वर्षं सांभाळलं. मुलीच्या पाचव्या वाढदिवसाला आम्ही चामिसालच्या स्मारकाच्या बागेत जमलो होतो, आजीही होत्या. ऑफिसातले लोक आले होते आणि मी नेहमीसारखी सुरू झाले, बघा, शंभर वर्षांचं भांडण, एक गोळी न झाडता मिटलं, कुणाचं काही गेलं नाही. हो, "कुणाचं काही गेलं नाही" असंच म्हणाले मी. आजी केकची प्लेट खाली ठेवून उठल्या. मला वाटलं बाथरूमला गेल्या असतील. बऱ्याच वेळाने शोधायला गेले तर बागेच्या टोकाला उभ्या होत्या, मेक्सिकोच्या दिशेला तोंड करून. म्हणाल्या, तिकडे पलीकडे आमचं घर होतं, रिओ लिंडा वस्तीत. वडिलांनी सुट्टीच्या दिवशी एकेक भिंत उभी केली होती, परसात अंजीर होतं. सरकारने पैसे दिले, हो, दिले, पण गल्लीतले शेजारी गावभर पांगले, आणि वडील पुन्हा कधी त्या बाजूला फिरकले नाहीत.

जमीन परत करताना तिथे राहणारी एल पासोची सुमारे साडेपाच हजार माणसं उठवली होती. हा आकडा मला माहीत होता हो, तोंडपाठ होता! तरी मी तसं बोलले.

त्या संध्याकाळी भांडी आवरताना मी त्यांना समजवायला गेले (का गेले कुणास ठाऊक) की 1911 चा निवाडा तेव्हाच मानला असता तर त्या जागेवर पुढे इतकी घरं झालीच नसती, तुमच्या वडिलांनीही तिथे बांधलं नसतं. मला अजूनही हे खरंच वाटतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे चूक सरकारने केली आणि फेडली आम्ही." यावर मला काही सुचलं नाही. आजही सुचत नाही.

पूर्वीची मी म्हणायचे, युद्धापेक्षा हे बरं, विषय संपला. युद्धापेक्षा बरंच, ते मी मागे घेत नाही. पण "विषय संपला" म्हणायचा हक्क मला कुणी दिला? जमीन ज्याची त्याला परत मिळायलाच हवी होती आणि आजींच्या वडिलांचं घरही जायला नको होतं, या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी पटतात. यातून मार्ग काय, ते विचाराल तर मला नाही सापडलेला.

आजी अजून येतात आमच्याकडे. मागच्या वर्षी त्यांनी अंजिराचं रोप आणून आमच्या मागच्या अंगणात लावलं. मी काही विचारलं नाही, पाणी मात्र रोज घालते.