साडेअकराला उघडणारा डबा

जूनमध्ये मुलगी अकरावीला गेली आणि तिच्या डब्याचं काम माझ्याकडे आलं. बायको पावणेसहाला कामावर निघते, मी साडेआठला. लेकीची फर्माईश एकच होती, "बाबा, व्हेज सँडविच दे, स्टॉलवर मिळतं तसं." सकाळी सहाला भरलेला डबा ती साडेअकराला उघडते.

पहिल्या आठवड्यात डबा अर्धा परत आला. खालचा स्लाइस तळाला चिकटला होता, बीटाचा रंग उतरून गुलाबी झाला होता आणि उचलायला गेलो तर बोटात लगदा आला. "वरचं वरचं खाल्लं," ती म्हणाली. पोर अर्धपोटी राहिली, हे मला फार लागलं.

माझं ऑफिस फोर्टात. जेवणाच्या सुट्टीत मी नेहमीच्या सँडविचवाल्या काकांसमोर उभा राहिलो आणि या वेळी नुसते त्यांचे हात बघितले. बटर त्यांनी कडेपर्यंत, चारही कोपऱ्यांत लावलं. चटणी त्यानंतर. मी घरी चटणी भरपूर आणि बटर मधोमध थोडंसं लावत होतो. डब्याची अडचण सांगितली तर म्हणाले, "दादा, आमचं सँडविच पाच मिनिटांत संपतं. तुमचं पाच तास थांबणार. बटर पूर्ण लावा, आणि मीठ-मसाला काकडीवर टाकू नका, बटाट्यावर टाका."

त्यात सगळं आलं. काकडीत जवळजवळ 95 टक्के पाणी, टोमॅटोतही तितकंच. कोशिंबिरीला मीठ आधी लावलं की पाणी सुटतं, तेच इथे बंद डब्यात होत होतं. आणि बटरमध्ये किमान 80 टक्के स्निग्धांश असतो, त्याचा थर सलग असेल तर पाणी पावात चटकन उतरत नाही. जिथे बटर नाही तिथून ओल शिरते.

रविवारी तीन डबे भरून साडेपाच तास ओट्यावर ठेवले. पहिला माझ्या जुन्या पद्धतीचा. दुसऱ्यात दोन्ही स्लाइसना पूर्ण बटर, पण मसाला प्रत्येक थरावर. तिसऱ्यात काकांचं सगळं ऐकलं. पहिल्याचा लगदा झालाच. दुसरा पाव टिकला, पण डब्याच्या तळाशी पाणी जमलं. तिसरा उचलला तेव्हा पाव कोरडा होता, कडेला जरासा मऊ.

आता माझा क्रम ठरलेला आहे. ब्रेड आदल्या दिवशीचा, कारण अगदी ताजा सुरीखाली दबतो. बटर रात्रीच फ्रिजबाहेर काढतो; कडक बटर लावताना पाव फाटतो आणि त्या फाटीतूनच पाणी शिरतं. चटणी कोथिंबीर, थोडा पुदिना, मिरची, आलं, लिंबू यांची. त्यात मूठभर पंढरपुरी डाळं वाटतो, त्याने ती घट्ट होते. डाळ्याशिवायची पातळ चटणी डब्यासाठी उपयोगाची नाही, हे माझं ठाम मत आहे.

बटाटे रात्री उकडून पूर्ण गार करतो. गरम बटाट्याची वाफ झाकणाला लागून थेंब खाली पडतात. बीट सालासकट, देठ-शेंडा न कापता उकडतो, म्हणजे रंग कमी सुटतो. काकडी आणि टोमॅटोच्या चकत्या पातळ कापून सुती पंचावर दहा मिनिटं पसरतो, टोमॅटोच्या बिया आधीच काढून.

मग खालच्या स्लाइसवर बटर, चटणी आणि बटाट्याच्या जाडसर चकत्या, अगदी लागून लागून. मीठ आणि सँडविच मसाला इथेच. त्यावर बीट, काकडी, मधोमध टोमॅटो. वरून पुन्हा बटाट्याचा थर आणि बटर-चटणी लावलेला स्लाइस. ओलं मधे, बटाटा दोन्ही बाजूंना. तळव्याने हलकं दाबून एक मिनिट थांबतो, मग दातेरी सुरीने एक उभा आणि दोन आडवे काप देतो. स्टॉलसारखे सहा तुकडे. बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात उभे रचतो, त्यामुळे कुणाचा भार कुणावर येत नाही.

टोस्टही करून पाहिलं. बंद डब्यात कुरकुरीतपणा जातो आणि पाव चिवट होतो, म्हणून सोडून दिलं.

परवा मला उठायला उशीर झाला, तर लेक ओट्याशी उभी राहून स्वतःच बटर लावत होती. कोपऱ्यापर्यंत. मी चकत्या पुसून देत गेलो.

कांदा मात्र डब्यात घालत नाही, तासाभरात त्याचा वास सगळ्याला लागतो. तो रविवारी. गॅसवरच्या टोस्टरमध्ये दोन्ही बाजू खरपूस करायच्या, वर शेव, आणि उभ्या उभ्या खायचं.