कापलं तर परत नाही

छाटणीच्या कात्रीला चामड्याचं कव्हर शिवायला मला दोन संध्याकाळी लागल्या. चामडं मिळवायला सव्वादोन महिने. त्यामुळे इथे शिवणकाम कमी आणि चामडंच जास्त वाचायला मिळेल, आधीच सांगून ठेवतो.

मामांची काटोलजवळ संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराची तोड आटोपली की झाडावरची सल, म्हणजे वाळक्या काड्या, काढायची असते. मामा कात्री पँटच्या मागच्या खिशात ठेवतात. दोन पँटी फाटल्या, एकदा बसताना टोक टोचलं. मी आधी घरच्या चाकूंना दोन म्यानं शिवली होती, त्यामुळे अंगात वारं भरलेलं. गणपतीत जेवायला बसलो असताना शब्द देऊन टाकला, "मामा, कव्हर मी करून देतो."

अशा कामाला व्हेजिटेबल टॅन चामडं लागतं, बाभळीची साल, हिरडा असल्या वनस्पतींच्या अर्कात कमावलेलं. ते ओलं केलं की मातीसारखं वळतं आणि वाळलं की त्याच आकारात कडक राहतं. पर्स, जॅकेट, सोफ्याचं चामडं बहुधा क्रोम टॅन असतं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं. ते मऊ, पाण्याला बरं, पण आकार धरत नाही. कात्रीच्या बाबतीत तर ते चालतच नाही, कारण आतली स्प्रिंग कात्रीला उघडायला बघते आणि लुळं चामडं तिला उघडू देतं. जाडी तीन ते साडेतीन मिलिमीटर हवी.

नागपूरच्या इतवारी बाजारात दोन शनिवार घालवले. पर्सचं चामडं, रेक्झिन, बकलं, सगळं मिळालं. जाड व्हेज टॅन म्हटलं की "मागवून देतो, पुढच्या हप्त्यात या." पुढच्या हप्त्यात पुन्हा पुढचा हप्ता. शेवटी ऑनलाइन मागवलं. चार चौरस फूट, "शंभर टक्के व्हेज टॅन, म्हशीचं". नऊ दिवस पार्सल नागपुरातच पडून होतं आणि मोबाइलवर रोज "आज पोहोचेल" येत होतं.

आलं ते तपकिरी रंगवलेलं, कडासुद्धा रंगवलेल्या. हातात घेतल्याबरोबर मन खट्टू झालं. दुमडलं तर रुमालासारखं पडायचं, वासही औषधी. पण नुसत्या वासावर तक्रार कशी करणार? म्हणून कोपऱ्यातून दोन बोटं रुंद पट्टी कापली. रंगाच्या आत, मधोमध, निळसर राखाडी रेघ. क्रोम. खात्रीसाठी पट्टीचं टोक मेणबत्तीवर धरलं, तर हिरवट राख पडली. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "काय जळून राहिलं?" मी म्हटलं, "अकराशे ऐंशी रुपये."

इथून पुढचं आठवलं की अजूनही डोकं तापतं. परतीच्या फॉर्मवर पहिला प्रश्न, माल वापरलेला आहे का? नाही. दुसरा, माल कापलेला आहे का? खरं सांगितलं, हो. त्याबरोबर खालचं "पाठवा" बटण राखाडी झालं. म्हणजे कापलं तर परत नाही, आणि कापल्याशिवाय आत काय आहे ते दिसत नाही. चॅटवर लिहिलं. उत्तर आलं, "आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे. कृपया न कापलेल्या मालाचे फोटो पाठवा." मी म्हटलं, न कापलेल्या मालाच्या फोटोत रेघ कशी दिसणार? "कृपया रेघेचा फोटो पाठवा." पाठवला. "माल कापलेला असल्याने विनंती नामंजूर." हे तीनदा झालं, तीन वेगवेगळ्या माणसांबरोबर, किंवा एकाच यंत्राबरोबर, कोण जाणे. चौथ्यांदा त्यांनी तज्ज्ञाचा दाखला मागितला. अकराशे ऐंशी रुपयांच्या चामड्यासाठी तज्ज्ञ!

मधल्या काळात मामांचा फोन. "काहून रे, कव्हर शिवून राहिला का कारखाना टाकून राहिला?"

मग ऑफिसातल्या एका मैत्रिणीने सांगितलं, 1915 वर फोन लाव. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. बिल, ऑर्डर क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा; माझा एक चॅट मी रागात बंद केला आणि तो गेलाच. आणखी एक कामाची गोष्ट: ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत ती निकाली काढायची. त्याचा ईमेल संकेतस्थळाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात असतो. मी हे चॅटशी भांडून झाल्यावर केलं. तुम्ही आधी करा. एकोणिसाव्या दिवशी पैसे खात्यात आले, सोबत एक शब्दही नाही.

चामडं मात्र तोवर मिळून गेलं होतं, आमच्या चौकात चपला शिवणाऱ्या काकांकडून. मी कापलेली पट्टी दाखवली. त्यांनी नखाने ओरखडा काढला, वास घेतला. "हे बॅगचं हाय भाऊ. पाण्यात टाकलं तं फडकं होते याचं." मग म्हणाले, कोल्हापुरीच्या तळाला लावतात तसलं पाहा. खरंच की! कोल्हापुरी चपला व्हेज टॅन चामड्याच्याच, आणि मी दोन महिने इंटरनेट उपसत होतो. चार दिवसांत त्यांनी तुकडा आणून दिला, साडेतीनशे रुपये. घासाघीस करायची हिंमतच झाली नाही. न कापता पारखायची युक्तीही त्यांचीच: गंजके खिळे व्हिनेगरमध्ये दोन दिवस ठेवायचे आणि मागच्या, खरखरीत बाजूला एक थेंब सोडायचा. व्हेज टॅन काळं पडतं. हिरडा आणि हिराकसापासून (म्हणजे लोखंडाच्या क्षारापासून) शाई करायचे ना, तोच प्रकार. (डाग पडलेलं तरी परत घेतात का, ते विचारू नका.)

याच कारणाने ओल्या चामड्याला उघडं लोखंड लावू नका. कात्री स्वयंपाकघरातल्या प्लास्टिक फिल्ममध्ये दोन पदर गुंडाळा. चामडं कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचं, मग कात्रीवर बोटांनी दाबत बसायचं. वाळवायचं पंख्याखाली. मी घाईत पहिला छोटा नमुना गच्चीवर उन्हात ठेवला, तो पापडासारखा वाकडा झाला.

दोन पदरांच्या मध्ये कडेने चामड्याची एक पट्टी घाला, नाहीतर पातं थेट दोऱ्यावर घासतं. दोरा मेण लावलेला, शिवणीच्या लांबीच्या चौपट, दोन्ही टोकांना सुई. भोकं आरीने, आणि आरी सरळच जायला हवी. माझी मागची ओळ नागमोडी आहे. शेवटी दोन टाके मागे घेतले की गाठ लागत नाही. हो, राहिलंच: तळाला एक बारीक भोक ठेवा, पाणी आणि चीक साचत नाही. कडा पॉलिशपेपरने घासून, पाण्याचं बोट लावून, गुळगुळीत लाकडाने रगडल्या की काचेसारख्या चमकतात. या कडांचा मला भलताच अभिमान आहे.

मामांना बजावलंय, काम झालं की कात्री बाहेर काढून पुसून ठेवा, चामड्यात ओल धरते. ते ऐकणार नाहीत. कव्हर पट्ट्याला लावून ते गावभर फिरले, बागेत सोडून सगळीकडे.

फसवं क्रोम चामडं परत न्यायला कोणी आलंच नाही. बायकोने त्याच्या चार किल्ल्यांच्या पिशव्या शिवल्या, मशीनवर, एका दुपारी.