अडीचशे ग्रॅम

काट्यावर सायकलची जुनी क्रँक (जिच्या टोकांना पेडलं बसतात ती दांडी) भरली ८४५ ग्रॅम आणि नवी ५९०. पोराचा चेहरा एकदम खुलला. कॉलेजात शिकतो, रोज पहाटे यवतेश्वरचा घाट चढतो. पैसे साठवून त्याने ही सेकंडहँड कार्बनची क्रँक मागवली होती. "काका, आजच बसवा. रविवारी कासला जायचंय."

साताऱ्यात सायकली दुरुस्त करता करता मला बावीस वर्षं झाली. हलक्या पार्टची ओढ मला चांगली कळते. घाट दारातच असल्यावर ती लागणारच. पण वापरलेला कार्बन मी तपासल्याशिवाय बसवत नाही.

पेडल आवळायच्या आट्यांसाठी कार्बनमध्ये अ‍ॅल्युमिनियमचं बुश, म्हणजे छोटी नळी, चिकटवलेलं असतं. डावं पेडल घातलं (त्याचे आटे उलटे), पाना लावला, तर हाताला शेवटचा घट्टपणा लागेना. पेडल काढलं. बुशापासून कार्बनपर्यंत पांढऱ्या मार्करने एक रेघ ओढली आणि पेडल पुन्हा आवळलं. रेघ तुटली. बुशावरचा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा पुढे सरकला होता.

पोराला बोलावून भिंग हातात दिलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "परत चिकटवता येईल ना?"

"नाही रे बाळा. घाटात उभा राहून पेडल मारशील तेव्हा सगळं वजन याच बुशावर येणार. ते निसटलं, तर पाय थेट रस्त्यावर."

मग कागद घेतला. तो, सायकल आणि पाणी मिळून ८० किलो. २५५ ग्रॅम म्हणजे त्यातला ०.३ टक्का. अर्ध्या तासाच्या चढाला पाच-सहा सेकंद वाचतात. क्रँक फिरते म्हणून तिचं वजन जास्त जाणवतं, हा समज तर मला खोडून काढावाच लागतो. ती मिनिटाला ऐंशी-नव्वदच फेरे घेते आणि वजनही मधोमध असतं. वेगळा फरक पडतच नाही. अर्धा लिटर पाण्याची बाटलीही याच्या दुप्पट भरते.

त्याचा खरा त्रास गिअरचा होता. पुढे ३४ दात, मागे सर्वांत मोठं दातेरी चाक २८चं. शेवटच्या वळणांवर पाय जड होतात, हे त्यानेच सांगितलं होतं. मागचा डिरेलर (चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) लांब पिंजऱ्याचा, म्हणजे ३२ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या दातेरी चाकांचा संच) बसत होती. तेवढ्याने सर्वांत हलका गिअर साडेबारा टक्क्यांनी आणखी हलका होतो. कॅसेट आणि नवी चेन लावली. जुनी क्रँक साफ करून, डाव्या बाजूचे दोन्ही बोल्ट टॉर्क रेंचने १३ न्यूटन मीटरला आवळून परत बसवली.

कार्बनची क्रँक कुणी पुन्हा विकू नये म्हणून ती कापायला मी त्याची परवानगी मागितली. त्याला ते फार जड गेलं. मी मास्क लावला, क्रँक व्हाइसमध्ये धरली आणि करवत चालवायच्या आधी एकदा त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान डोलावली आणि दुसरं टोक स्वतःच धरलं.